धुतलेले हातमोजे

आमच्या गाडीच्या डाव्या दाराची आतली पट्टी चिकट झाली होती, तिथून हे सगळं सुरू झालं. दार ओढून घ्यायला जिथे हात जातो, ती पट्टी. बनवणाऱ्यांनी तिच्यावर रबरासारखा मऊ काळा थर दिला होता. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गाड्या उघड्यावर उभ्या असतात. नऊ उन्हाळे आणि नऊ पावसाळे काढल्यावर त्या थराचा काकवीसारखा चिकटा झाला. गाडीत डावीकडे बायको बसते. दर दुसऱ्या रविवारी आम्ही वाकोल्याला तिच्या आईकडे जातो. अशाच एका रविवारी उतरताना तिचा पदर त्या पट्टीला चिकटला आणि सोडवला तेव्हा रेशमावर बोटभर काळा डाग राहिला.

"अहो, ह्याचं काहीतरी करा," ती म्हणाली. "नाहीतर मी मागे बसते. लोकांना वाटेल टॅक्सी केलीये."

साडीवरचा डाग ही तिच्यासाठी किरकोळ गोष्ट नव्हती. ती साड्यांना फॉल लावायचं काम करायची. साडीच्या खालच्या काठाला आतून जी सुती पट्टी लावतात, तो फॉल. लांबी साधारण अडीच मीटर. बाजारात मशीनवर लावून मिळतो, पण रेशमी साडीला जाणत्या बायका हातशिलाईच मागतात. सुई रेशमाचा एखाद-दुसराच धागा उचलते, त्यामुळे समोरून टाका दिसत नाही. एका साडीला तिला सव्वादोन तास लागत. बावीस वर्षं ती हे करत होती. आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या बहुतेक लग्नांच्या साड्या आमच्या घरातून जाऊन आलेल्या होत्या.

मी एकोणतीस वर्षं एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि लिहायचं, एवढंच काम. कारखाना शहराबाहेर हलला. मी गेलो नाही आणि त्रेपन्नाव्या वर्षी घरी बसलो. मोजायची सवय मात्र सुटली नाही. गाडीचं काम मी अंगावर घेतलं त्याचं कारण पदराचा डाग होताच, पण मोजण्यासारखं काहीतरी हातात हवं होतं हेही तितकंच खरं आहे.

नुसता रंग दिला तर तो पुन्हा सुटणार हे मला ठाऊक होतं. चौकशी करता करता कार्बन फायबरवर आलो. हे एक कापडच असतं. काळंभोर, तिरक्या विणीचं, उजेडात हलवलं की खवल्यांसारखं चमकणारं. प्लॅस्टिकचा मूळ भाग काढायचा, खरखरीत पॉलिश पेपरने घासायचा, त्यावर रेझिनचा, म्हणजे वाळल्यावर काचेसारख्या कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, हात द्यायचा. रेझिन बोटाला चिकटतं पण बोटावर येत नाही अशा अवस्थेत आलं की हे कापड त्यावर बसवायचं. मग रेझिनचे आणखी थर, आणि ते वाळले की पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने बारीक, आणखी बारीक घासत जायचं, काच दिसेपर्यंत. रेझिनमध्ये घट्ट करणारं दुसरं द्रव, हार्डनर, मिसळावं लागतं. शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम. अंदाजाने ओतलं तर ते कधीच नीट वाळत नाही.

अंदाज हा शब्द मला आवडत नाही. मी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आणला, गॅलरीत तापमान आणि हवेतला दमटपणा दाखवणारं यंत्र टांगलं आणि एक वही घातली. तारीख, वेळ, तापमान, दमटपणा, रेझिन, हार्डनर, किती मिनिटांनी बोटाला चिकटायचं थांबलं, शेरा. गाडीतले एकूण नऊ भाग करायचे ठरवले. पहिला अर्थात डाव्या दाराची पट्टी.

"काय साहेब, आता गाडी उडवणार काय?" दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी खालून वर बघून विचारायचे. "विमानाला लावतात म्हणे हे."

"वाकोल्यापर्यंत उडाली तरी बास," बायको आतून ओरडायची.

गॅलरी तिचीही होती. फॉल लावण्याआधी तो भिजवून, वाळवून, इस्त्री करावा लागतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो आणि साडीला चुण्या पडतात. हे भिजवणं-वाळवणं गॅलरीत चालायचं. मी सकाळी साडेआठ ते साडेदहा माझं काम उरकायचो, मग ती फॉल वाळत घालायची. दोघांच्या वेळा मी कागदावर आखून दिल्या होत्या. तिने तो कागद फ्रिजवर लावला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'साडेदहा म्हणजे साडेदहा'.

हातमोज्यांचं असं झालं. शंभर नगांचा डबा आणला होता, म्हणजे पन्नास जोड्या. एका सकाळी दोन किंवा तीन जोड्या लागायच्या. पहिल्या दिवशी मी काम झाल्यावर वापरलेले मोजे काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर ते फॉलच्या शेजारी दोरीवर, चिमटे लावून, पाच-पाच बोटं खाली सोडून वाळत होते. तिने ते साबणाच्या पाण्यात चोळून धुतले होते, उलटे करून आतूनही धुतले होते. सुकल्यावर तिने आत थोडी टाल्कम पावडर टाकली.

"चांगले तर होते," ती म्हणाली. "एका दिवसात कसले टाकता?"

मी म्हणालो, "अरे वा."

हे 'अरे वा' मला आजही ऐकू येतं. मी असं का म्हणालो तेही सांगतो. कारखान्यात हातमोज्यांची जोडी आठवड्याला एक मिळायची. शनिवारी सुट्टीआधी सगळे आपापली जोडी बादलीत धुऊन वाफेच्या पाइपवर वाळत घालायचे. न धुता दुसरी मागितली तर स्टोअरवाला म्हणायचा, "हात काय रोज नवे आणतोस काय रे?" एकोणतीस वर्षांत हातमोजा टाकून द्यायची वस्तू आहे हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. रेझिनबरोबर आलेलं नऊ पानांचं माहितीपत्रक मी पूर्ण वाचलं होतं. तापमान, वेळा, प्रमाण यांच्याखाली लाल रेघा मारल्या होत्या. हातमोजे एकदा वापरून टाकावेत, हे सातव्या पानावर होतं. त्याखाली रेघ नव्हती.

पावसाळ्यात काम वाढलं. हवेतल्या ओलीमुळे वाळलेल्या रेझिनवर मेणासारखा चिकट थर यायचा. तो पुसायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा थर द्यायचा. मोजे जास्त लागू लागले आणि दोरीवर त्यांची रांग लांबली. गणपतीपर्यंत चार भाग झाले. डाव्या दाराची पट्टी तर इतकी नितळ झाली होती की तिच्यात ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसायची. मी ती गाडीत बसवली आणि बायकोला खाली घेऊन गेलो. तिने पदर मुद्दाम तिच्यावरून दोनदा घासून पाहिला.

"झकास," ती म्हणाली. "आता मी पुढे बसते."

तेव्हाच तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झालेली होती. बोलली नाही. मग बोटं लाल झाली, बारीक पाण्याचे फोड आले, ते फुटून साल निघाली. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चिरा पडल्या. फॉलला बाजारात खळ लावलेली असते, त्या खळीचं असेल असं तिला वाटलं. मला साबण वाटला. मी वहीच्या मागच्या पानापासून नवा तक्ता सुरू केला. तारीख, कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, भिजवलेले फॉल, हातांची स्थिती.

"माझ्या हातांचा पण रिपोर्ट काढणार काय?" तिने विचारलं. "पास का नापास, तेवढं सांगा."

तीन साबण बदलले. खळ काढायला ती फॉल दोनदा भिजवू लागली. पंधरा दिवस फॉल अजिबात भिजवला नाही, तेही करून पाहिलं. हात बरे होईनात. माझ्या तक्त्यात कशाचा कशाला मेळ लागत नव्हता, आणि मला त्याचा रागच यायचा, जणू ती मला चुकीचे आकडे देत होती. रेझिनसाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. रेझिन माझं काम होतं. ती त्याला हात लावत नव्हती.

दिवाळीनंतर चौथ्या मजल्यावरच्या वहिनी अकरा साड्या घेऊन आल्या. मुलीचं लग्न होतं. बायकोने हातांना खोबरेल चोळलं, तेल मुरेपर्यंत तासभर थांबली, हात पुसले आणि कामाला बसली. दोन सुती साड्या नीट झाल्या. तिसरी रेशमी होती, मोरपंखी, बिनबुट्ट्यांची. तिने साडी मांडीवर घेतली, काठ सरळ करायला अंगठा फिरवला, आणि मी समोर पेपर वाचत असताना एक बारीक आवाज आला. कापड फाटल्याचा नव्हे, नुसता ओढल्याचा. अंगठ्याच्या चिरेत रेशमाचा धागा अडकला होता. साडीवर आडवी, वीतभर, ताणलेली रेघ उठली.

तिने धागा मागे सारायचा प्रयत्न केला तर दुसऱ्या बोटाला दुसरा धागा अडकला. मग तिने दोन्ही हात साडीवरून उचलले आणि तसेच हवेत धरून बसली. "अहो," ती म्हणाली, "ही माझ्या अंगावरून उचला."

मी उचलली. माझे हात अगदी चांगले होते.

वहिनींना तिने स्वतः जाऊन सांगितलं. त्या भल्या आहेत. "अहो, निरीत जाईल ती रेघ, कोणाला दिसतेय," म्हणाल्या. पण उरलेल्या आठ साड्या त्या दुसऱ्या दिवशी घेऊन गेल्या आणि बाजारात मशीनवर फॉल लावून आणल्या. पुढच्या लग्नाच्या साड्या आमच्याकडे आल्या नाहीत.

घाटकोपरला एक त्वचेच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. मी वही नेली होती. त्यांनी तक्ता नीट पाहिला आणि विचारलं, "घरात आणखी काही रसायन? रंग, गोंद, केसांचा रंग?"

"मी रेझिनचं काम करतो," मी म्हणालो. "पण गॅलरीत, आणि हातमोजे घालून. हिचा संबंध येत नाही."

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "हातमोजे मी धुते ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उलटे करून?"

"आतून-बाहेरून. रोज."

त्यांनी तपासणी केली ती अशी. पाठीवर बारीक बारीक चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक चकतीत एकेक पदार्थ. शेजारी पेनने आकडे घालतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. तेवढे दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. मी आयुष्यभर आकडे घातलेल्या वस्तू तपासल्या होत्या. त्या चार दिवसांत मी तिची पाठ पुसायचो, मानेखाली आणि कमरेपाशी, आणि मधले आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून जपायचो. चौथ्या दिवशी एका आकड्याखाली लाल, उंच, फोडांनी भरलेला गोल उठला होता. बाकी सगळी पाठ स्वच्छ. डॉक्टरांनी सांगण्याआधी मी ओळखलं. तो आकडा रेझिनचा होता. खळीचा वेगळा, साबणाचा आणखी वेगळा.

शरीराने एकदा एखाद्या पदार्थाशी वैर धरलं की ते जन्मभर विसरत नाही, असं त्यांनी सांगितलं. ओलं रेझिन, हार्डनर, घासलेली पूड, यातलं काहीही पुन्हा तिच्या जवळ येता कामा नये. फोड जातील. बोटांची टोकं पूर्ववत होतील का, हे त्यांना सांगता येईना. काहींची होतात.

"आणि गाडीत बसलेलं चालेल?" बायकोने विचारलं.

"पूर्ण वाळलेलं असेल तर काही करत नाही. खुशाल बसा."

परतताना तिने दार मला लावायला सांगितलं. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या, म्हणून असेल असं मला वाटलं.

घरी आल्यावर मी उरलेलं रेझिन, कापड, पॉलिश पेपर, सगळं बांधून घराबाहेर काढलं आणि गॅलरी तीनदा धुतली. मग वही उघडली. कुठे चुकलं ते शोधायची माझी सवय. शोधावं लागलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'हातमोजे २ जोड्या (धुतलेले)'. पुढे 'हातमोजे ३ जोड्या (धुतलेले)'. मी मोजले. कंसातला तो शब्द सदतीस वेळा होता. त्याच वहीच्या मागच्या बाजूने मी तिच्या हातांचा तक्ता लिहीत होतो. दोन्हींच्या मध्ये पंचवीस-तीस कोरी पानं होती.

मी वही तिला दाखवली.

"धुतले मी," ती म्हणाली. "तुम्ही थोडंच सांगितलं होतं धुवायला?"

"नकोही म्हणालो नव्हतो."

"नव्हतात म्हणाला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "वाचलं होतंत ना तुम्ही ते सगळं?"

"वाचलं होतं."

तिने वही मिटून मला परत दिली. भांडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तीन महिन्यांत फोड गेले. टोकं बरी झाली नाहीत. बोटांची टोकं कागदासारखी कोरडी आणि खरबरीत राहिली, पाण्यात गेली की पुन्हा चिरतात. मला पॉलिश पेपरचे खरखरीतपणाचे नंबर ठाऊक आहेत. तिचा हात हातात घेतला की कोणता नंबर ते मनात येतं, आणि मनात येऊ नये म्हणून मी दुसरीकडे बघतो.

एकदा मी म्हटलं, टाके मी घालतो, तू नुसतं सांग. तिने एक जुनी साडी दिली. पाच दिवस शिकलो. पट्टी ठेवून खुणा केल्या आणि सगळे टाके सारख्या अंतरावर घातले. तिने साडी उलटून समोरची बाजू उजेडात धरली, मनगटांवर पेलून, बोटं न लावता.

"छान आहेत," ती म्हणाली. "समोरून मोजता येतात."

मग सुईदोऱ्याचा डबा तिने कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. वाकोल्याला तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही. "काम कसं चाललंय गं?" आई विचारते, आणि ती म्हणते, "डोळ्यांना त्रास होतो, कमी केलंय."

गाडीतले नऊपैकी सात भाग झाले होते. उरलेले दोन घासून ठेवलेले, खरखरीत आणि पांढुरके, तसेच बसवून टाकले. डाव्या दाराची पट्टी काढतो असं मी दोनदा म्हणालो. ते मॉडेल आता निघत नाही. भंगारात एक पट्टी मिळाली, पण तीही पहिल्यासारखीच चिकट. "राहू दे," बायको म्हणाली. "चांगली झालीये ती."

चांगलीच झालीये. मी तपासणीच्या नजरेने बघतो तेव्हा तिच्यात दोष सापडत नाही. पण बायको तिला हात लावत नाही. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलंय, मी दोनदा आठवण करून दिलीये, ती मान डोलावते. गाडीत बसली की दोन्ही हात पदरात गुंडाळून मांडीवर ठेवते. दार मी बाहेरून लावतो, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला येतो. वाकोल्याला पोचलो की पुन्हा वळसा घालून दार उघडतो.

गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी गेटपाशी उभे होते. मी तिच्या बाजूचं दार लावत होतो.

"बघा बघा," ते त्यांच्या बायकोला म्हणाले, "ह्या वयात बायकोसाठी दार उघडतात, लावतात. नाहीतर आम्ही!"

"शिका काहीतरी त्यांच्याकडून," त्यांची बायको म्हणाली.

काचेआडून माझी बायको त्यांच्याकडे बघून हसली. हात हलवायला तिने तो पदरातून बाहेर काढला नाही. मी हळूच दार दाबलं, नीट लागलंय ना ते एकदा ओढून पाहिलं, आणि वळसा घालून माझ्या जागेवर गेलो.